वाईट बातमी आधी कोण सांगणार?

ठाणे जिल्ह्यात मानपाडे दोन. एक घोडबंदर रस्त्यावरचा, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याचा, टिकुजिनीवाडीच्या शेजारचा. दुसरा डोंबिवली पूर्वेचा, कल्याण-शीळ रस्त्यावरचा. डोंबिवली स्टेशनाकडून येणारा अख्खा रस्ता त्याच्याच नावाने ओळखला जातो. पहिला ठाणे महापालिकेत, दुसरा कल्याण-डोंबिवलीत. दोन्हीकडे शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. दोन्हीकडे नोकरदार माणसं भाड्याने राहतात, आणि निवृत्तीच्या आधाराला म्हणून घेतलेला दुसरा फ्लॅट भाड्याने देणारेही दोन्हीकडे आहेत. एकाच कुटुंबात एक जण भाडं घेणारा आणि एक जण भाडं देणारा, हे तर आता सर्रास दिसतं.

या संवादातली भाची ठाण्याच्या मानपाड्यात भाड्याने राहते. मामा डोंबिवलीत स्वतःच्या घरात राहतो आणि मानपाडा रोडवरचा दुसरा फ्लॅट भाड्याने देतो. दोघं कल्पित आहेत, त्यांचा वाद मात्र घरोघरचा आहे: मालक आणि भाडेकरू यांचे संबंध चांगले असावेत की बेताचे?

मामा : बेताचेच असावेत. पाच तारखेच्या आत भाडं, अकरा महिन्यांनी नवा करार, आणि मधल्या काळात कामाशिवाय फोन नाही. माझ्या भाडेकरूचा मुलगा कितवीत आहे हे मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचंही नाही.

भाची : गीझर फुटला तरी फोन नाही?

मामा : गीझर फुटला तर करावा. पण फराळाचा डबा आणू नये. डबा आला की पुढच्याच महिन्यात येतं, ‘काका, या वेळी जरा उशीर होईल’.

भाची : डबा न देणारे भाडं थकवत नाहीत?

मामा : थकवतात. पण त्यांच्याकडे मागताना माझी जीभ अडखळत नाही.

भाची : मामा, उशिरा येणाऱ्या भाड्याला तू एवढा घाबरणारा नाहीस. खरं काय ते सांग.

मामा : खरं सांगायचं तर तुझ्या आजोबांच्या ठाण्यातल्या चरईतल्या खोल्या. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडं गोठवलं होतं. १ सप्टेंबर १९४०ला जे भाडं चालू होतं तेच प्रमाण भाडं. जागा त्यानंतर दिलेली असेल तर जे पहिलं भाडं ठरलं ते. कौलं बदलायला लागायचे तेवढे पैसे वर्षाच्या भाड्यातून सुटत नसत. मग सगळ्यांनी वाट काढली, ‘भाडेकरू ठेवायचाच नाही, लिव्ह अँड लायसन्सवर द्यायचं’. बाबांनी एक खोली तशी ओळखीतल्या माणसाला दिली. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ला जो कोणी लायसन्सवर जागेत होता, तो कायद्याने भाडेकरू ठरला. माणूस वाईट नव्हता गं. गणपतीला आमच्याकडे जेवायला असायचा. पण खोली गेली ती गेलीच.

भाची : तो जेवायला यायचा म्हणून खोली गेली नाही. कायदा बदलला म्हणून गेली. तू कायद्यावरचा राग पंगतीवर काढतोयस.

मामा : कायदा पुन्हा बदलणार नाही कशावरून?

भाची : बदलला, पण तुझ्या बाजूने. डिसेंबर १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की हे गोठवलेलं भाडं आता वाजवी राहिलेलं नाही. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २०००पासून लागू झाला. त्याचं कलम २४ वाच. लायसन्सची मुदत संपली की राहणाऱ्याने जागा सोडायची. नाही सोडली तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, आणि जागा हातात येईपर्यंतची भरपाई दुप्पट दराने. करारात काय लिहिलंय याला तो लेखी करारच निर्णायक पुरावा. पंचवीस वर्षांपूर्वी रद्द झालेल्या कायद्याच्या भीतीने तू आजच्या भाडेकरूचा फोन उचलत नाहीस.

मामा : पागडीवाल्यांना त्याच नव्या कायद्याने संरक्षण दिलंच की. मालकाला काय, तर वर्षाला ४ टक्के वाढ.

भाची : दिलं, पण जुन्यांना. तुझा फ्लॅट त्यात येत नाही. आणि हा धसका तुझ्या एकट्याचा नाही. केंद्राच्या २०१७-१८च्या आर्थिक पाहणीत आकडे आहेत. शहरांत भाड्याच्या घरांचं प्रमाण १९६१मध्ये ५४ टक्के होतं, ते २०११पर्यंत २८ टक्क्यांवर आलं. त्याच शहरांत एक कोटीहून जास्त घरं रिकामी. भाडे नियंत्रण आणि करार पाळला जाईल याची नसलेली खात्री, ही कारणं त्या पाहणीतच दिली आहेत. लोक घराला कुलूप लावतात, पण भाडेकरू ठेवत नाहीत.

मामा : मी कुलूप लावत नाही. अकरा महिने देतो.

भाची : त्या अकराचा उगम माहीत आहे? १९०८च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची. म्हणून देशभर लोकांनी एक महिना कमी केला आणि नोंदणी टाळली. महाराष्ट्रात ही पळवाट कलम ५५ने बंद केली. इथे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरायचं, मालक उलटं सिद्ध करेपर्यंत.

मामा : मी दर वेळी नोंदवतो. एजंटचा मुलगा घरी मशीन घेऊन येतो, आधार नंबर टाकतो, अंगठा घेतो, झालं.

भाची : मग त्या मुलाला दर अकरा महिन्यांनी का बोलावतोस? हिशोबच करू. भाडं ३०,००० धर, डिपॉझिट १ लाख, आणि सोयीसाठी करार वर्षाचा. मुदतीतलं एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के व्याज, या दोन्हींच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. वर्षाच्या करारात ३,६०,००० अधिक १०,००० म्हणजे ३,७०,०००. त्यावर ९२५ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणीचे १,०००. तीन वर्षांत तीनदा केलंस तर ५,७७५. तेच एकदम ३६ महिन्यांचं केलंस तर ११,१०,०००वर २,७७५ आणि वर १,०००, म्हणजे ३,७७५. दोन हजार तर इथेच वाचले. दर नव्या भाडेकरूमागे एजंट दोघांकडून एकेक महिन्याचं भाडं घेतो ते वेगळं, आणि रंग काढून घर रिकामं पडतं ते आणखी वेगळं. करार तर ६० महिन्यांपर्यंत करता येतो.

मामा : पैसे वाचतील, पण माझे हात बांधले जातील.

भाची : नोटीसचं कलम घातलं की कोणाचेच बांधले जात नाहीत. आपल्याकडे कागद मागितला की समोरच्याला वाटतं, ‘आपल्यावर विश्वास नाही’. माझा अनुभव उलटा आहे. पैशाच्या गोष्टी कागदावर नीट ठरल्या की उरलेलं बोलणं मोकळेपणाने होतं. दर अकरा महिन्यांनी ‘आता काय म्हणतील’ ही धाकधूक असली, तर भाडेकरू तुझ्याशी बोलत नाही, फक्त गोड बोलतो.

मामा : गोड बोलणाराच बरा. त्रास न देणारा भाडेकरू म्हणजे चांगला भाडेकरू.

भाची : गेल्या उन्हाळ्यात आमच्या बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल दिसली. तळहाताएवढी. माझा नवरा म्हणाला, ‘राहू दे, आपल्यालाच विचारतील की किती पाणी ओतता’. मी त्याच दिवशी फोटो काढून मालकांना पाठवला. त्यांना आवडलं नाही. कोणाला आवडेल? पण पाऊस लागायच्या आत टाइल्स उखडून वॉटरप्रूफिंग झालं. मी गप्प बसले असते, तर जुलैत खालच्या मजल्यावरच्यांच्या छतातून पाणी गळलं असतं. मग सोसायटीचं पत्र, दोन घरांचं काम आणि वर्षभराचं तोंड फिरवणं. तुझ्या व्याख्येप्रमाणे तो गप्प बसणारा भाडेकरू चांगला ठरला असता. मालकाला सगळ्यात महाग तोच पडतो.

मामा : हं. हे मात्र खरं. माझ्या आधीच्या भाडेकरूचं असंच झालं. ओल नव्हती, पण नोकरी गेली होती. सांगितलं नाही. पहिल्या महिन्यात अर्धं भाडं आलं, दुसऱ्यात सोमवारचा वायदा, तिसऱ्यात फोन बंद. शेवटी डिपॉझिट संपत आलं तेव्हा शेजाऱ्यांकडून कळलं. अरे बाबा, पहिल्याच महिन्यात सांगायचं होतंस.

भाची : सांगितलं असतं तर काय केलं असतंस?

मामा : काय म्हणजे… महिना-दीड महिना बघितलं असतं. (थोडं थांबून) नाही. खाली कर म्हटलं असतं.

भाची : म्हणून त्याने सांगितलं नाही.

मामा : म्हणजे चूक माझी?

भाची : चूक-बरोबर बाजूला ठेव. तो लबाड नव्हता आणि तू दुष्ट नव्हतास. पण खरं बोलण्याची किंमत घर सोडणं ही असेल, तर शेवटच्या दिवसापर्यंत कोणीही खोटंच बोलणार. मी चांगले संबंध एवढ्यावरच मोजते. फराळावर नाही, ‘काका-काकू’ म्हणण्यावर नाही. दोघांपैकी ज्याच्याकडे वाईट बातमी आहे, तो ती किती लवकर सांगू शकतो? आणि सांगितल्यावर त्याला शिक्षा होते का?

मामा : मग हा नियम दोघांना लागू.

भाची : दोघांना. मालकांकडच्या वाईट बातम्या तर जास्त असतात आणि त्या नेहमी उशिराच येतात. भाडेवाढीचंच घे. आमच्या घोडबंदर रस्त्यावर २०१८पासून मेट्रो ४चं काम चालू आहे. ती धूळ खाल्ली कोणी, कोंडीत तासतास अडकलं कोण? तिथे राहणारे. सप्टेंबर २०२५मध्ये गायमुख ते विजय गार्डन अशी गाडीची चाचणी झाली. त्यात मानपाडा स्टेशन नव्हतंच. पण गाडी मानपाड्याला पोहोचायच्या आत भाडं पोहोचलं. करार संपायला आठ दिवस होते तेव्हा फोन आला, ‘पुढच्या महिन्यापासून पाच हजार जास्त’.

मामा : बाजारभाव आहे तो. माझ्या मानपाड्यालाही कल्याण-तळोजा मेट्रो १२चं स्टेशन येतंय. ते झालं की मीही वाढवणार. फ्लॅटसाठी कर्ज काढलंय मी, धर्मादाय संस्था नाही उघडली.

भाची : वाढव की. पाच हजारांपेक्षा आठ दिवस जास्त टोचले. तीन महिने आधी सांगितलं असतं तर मी बाजारात चौकशी केली असती, घासाघीस केली असती, नाहीतर दुसरं घर बघितलं असतं. आठ दिवसांत भाडेकरू फक्त मान हलवतो. त्याला संमती समजू नकोस. आणि तो करार संपत होता नोव्हेंबरात. मुलांची शाळा अर्ध्यावर सोडून नोव्हेंबरात कोण घर बदलतं? मुदत एप्रिल-मेमध्ये संपेल असा करार करायला एक रुपया जास्त पडत नाही. पण मालकाच्या हे ध्यानातच येत नाही, कारण त्याला मुलाची इयत्ता माहीत नसते.

मामा : टोमणा कळला.

भाची : तुझ्याकडची वाईट बातमी मला माहीत आहे. पाणी.

मामा : ते सगळ्या मानपाडा रोडला माहीत आहे. आमच्या मानपाड्यासकट इथली सत्तावीस गावं १९८३ला कल्याण-डोंबिवली महापालिकेत आली, २००२ला बाहेर पडली, २०१५ला परत आली. पाणी एमआयडीसीकडून, बारवी धरणाचं. महापालिका आणि एमआयडीसीच्या मध्ये आमची बादली रिकामी. एप्रिल-मे उजाडला की टँकर.

भाची : घर दाखवायला येतात त्यांना हे सांगतोस?

मामा : विचारलं तर सांगतो.

भाची : घर दाखवतोस कधी?

मामा : सकाळी. पाणी असतं तेव्हा.

भाची : बघ. नोकरी गेल्याचं लपवणारा तो, आणि सकाळी घर दाखवणारा तू. फरक किती?

मामा : फरक आहे. त्याने ठरलेले पैसे बुडवले. मी ठरलेलं काही मोडलं नाही.

भाची : कायद्याने नाही मोडलंस. पण मे महिन्यात तो बायकोसमोर तुझ्या नावाने बोटं मोडत टँकरची वाट बघतो, आणि जूनमध्ये नळ गळत असल्याचं तुला कळवत नाही. तिथून सुरुवात होते. आणखी एक, तुझ्याकडे त्याच्या घराची दुसरी किल्ली आहे ना?

मामा : माझ्याच घराची आहे. अडीअडचणीला लागते. एकदा तो गावी गेला होता तेव्हा मीटर बघून आलो.

भाची : न सांगता?

मामा : पाच मिनिटांचं काम होतं.

भाची : २ जून २०२१ला केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडे कायदा मंजूर केला. तो राज्यांनी स्वीकारायचा होता. आपल्याकडे १९९९चाच कायदा चालतो. पण त्यातल्या दोन-तीन गोष्टी कोणीही आपल्या करारात उचलून घालाव्यात अशा आहेत. घरात यायचं तर २४ तास आधी कळवायचं. राहण्याच्या जागेचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नाही. आणि दुरुस्तीची चक्क यादीच दिली आहे. इमारतीची डागडुजी, भिंतींचा रंग, पाइप बदलणं आणि वायरिंग मालकाकडे. नळाचे वॉशर, तुंबलेली मोरी, गीझरची दुरुस्ती, बटणं, कुलपं, खिडकीच्या काचा राहणाऱ्याकडे.

मामा : गीझर राहणाऱ्याकडे? म्हणजे तो फोन तसाही मला यायला नको होता.

भाची : बघ, यादी तुझ्याही सोयीची आहे. सगळ्यात घाण भांडण डिपॉझिट परत देताना होतं, आणि ते नव्वद टक्के रंगावरून आणि खिळ्यांवरून होतं, असं कोणताही एजंट सांगेल. राहायला जाताना दोघांनी मिळून घरभर मोबाइल फिरवून व्हिडिओ करावा. भिंती, ओट्याची कड, दारांच्या कड्या, कमोडची टाकी, मीटरचं रीडिंग. दोघांच्या फोनमध्ये एकच व्हिडिओ. मग तीन वर्षं माणसं राहिल्याने उडालेला रंग कुठला आणि मुलाने भिंतीवर काढलेली आगगाडी कुठली, हे दोघांनाही दिसतं.

मामा : आगगाडीचे पैसे कापणार मी.

भाची : काप. उडालेल्या रंगाचे कापू नकोस. महावितरणचं बिल आणि गॅसचं बिल शेवटच्या तारखेपर्यंत मी भरलंय, हे मी दाखवीन. डिपॉझिट किल्ली देतानाच परत, हे तू पाळ. भाड्याची पावती आणि पॅन नंबरचंही तेच. जुन्या करपद्धतीत घरभाडे भत्त्याची सूट घ्यायची आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल, तर मालकाचा पॅन द्यावाच लागतो. कितीतरी मालक पॅन देत नाहीत. भाडं मात्र बाजारभावाने हवं.

मामा : मी देतो. घरपट्टी वजा जाता ३० टक्के सरसकट वजावट मिळते, लपवायचं कशाला? पण आता माझं ऐक. तू मला मालकाची कर्तव्यं शिकवतेस. भाडेकरू निवडताना मला काय काय ऐकावं लागतं माहीत आहे? सोसायटी म्हणते बॅचलर नको. शेजारचे म्हणतात मांसमच्छी नको. वर मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस माझ्या खिशातून.

भाची : नॉन-ऑक्युपन्सी सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. १ ऑगस्ट २००१चा सरकारी आदेश आहे आणि २००७मध्ये उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. आदर्श उपविधींप्रमाणे भाडेकरू ठेवताना सोसायटीला कळवायचं असतं, करार आणि पोलिसांत दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते. परवानगी मागायची नसते. भाडेकरू कोण असावा, हे सोसायटीने ठरवायचं नसतं.

मामा : कागदावर. जिन्यात वेगळं असतं.

भाची : जिन्यात तू काय बोलतोस तेच मी विचारतेय. लग्नाआधी मी घोडबंदरला घर शोधत होते. एकटी मुलगी, पगार चांगला, दोन मालकांनी फोनवरच नकार दिला. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८चा सिनेमा. चार मुलांना पुण्यात जागा मिळेना म्हणून दोघांनी साड्या नेसल्या. आपण हसलो, पण जाहिराती आजही त्याच आहेत. सप्टेंबर २०२३मध्ये मुलुंडला एका मराठी बाईला ऑफिसची जागा नाकारली, व्हिडिओ फिरला, गुन्हा दाखल झाला, आपण सगळे संतापलो. तू तर सगळ्यात जास्त. आणि तुझ्या फ्लॅटच्या जाहिरातीत काय आहे?

मामा : ‘फक्त फॅमिली’.

भाची : आणि?

मामा : ‘शाकाहारी’. एजंटने घातलं. मी स्वतः दर बुधवारी मासे आणतो हे खरं आहे. पण हे एवढं सोपं नाही. उद्या शेजाऱ्यांची तक्रार आली तर तिथे उभं मला राहावं लागतं, तुला नाही.

भाची : म्हणूनच ते तुझं काम आहे. भाडेकरूने मालकाशी चांगलं वागावं, असं सगळे सांगतात. वेळेवर भाडं द्या, घर जपा, न विचारता ड्रिल मारू नका, बाहेरगावी जाताना कळवा. मी ते सगळं करते आणि करायलाच हवं. पण दोघांच्या हातात सारखी ताकद नाही. मी चुकले तर घर जातं. तू चुकलास तर फार तर एक भाडेकरू जातो. सोसायटीच्या मीटिंगला मला बसता येत नाही. माझ्या बाजूने तिथे फक्त तूच बोलू शकतोस.

मामा : आणि भाडेकरूने काहीच तपासायचं नाही? सगळं मालकावर सोडायचं? नोव्हेंबर २०२४मध्ये उच्च न्यायालयाने डोंबिवलीतल्या ६५ इमारती पाडायचा आदेश दिला. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचे नंबर मिळवलेल्या. तिथे फ्लॅट घेणारे फसलेच, पण ज्यांनी भाड्याने घेऊन लाख-लाख डिपॉझिट दिलं असेल त्यांचं काय? तुम्ही लोक मॉड्युलर किचन बघता, बाल्कनीतून डोंगर दिसतो का बघता. मालकाच्या नावाचं इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, किती जण मागतात?

भाची : मी नव्हतं मागितलं. पण समज, मागितलं असतं आणि मालकाच्या कपाळाला आठी पडली असती तर?

मामा : तर ते घर घ्यायचं नाही. माझ्याकडे मागितलं तर मी चहा पाजून दाखवीन.

भाची : हे मात्र मला पटलं. म्हणजे प्रश्न विचारणारा भाडेकरू तुला चालतो.

मामा : कागदाबद्दल विचारणारा चालतो. बरं, पुढच्या महिन्यात माझा फ्लॅट रिकामा होतोय. तुझ्या म्हणण्याप्रमाणे करार लिहायचा तर काय लिहू?

भाची : ३६ महिने.

मामा : २४. मुदत मे अखेर संपेल अशी.

भाची : भाडेवाढ आधीच ठरवून टाक, दुसऱ्या वर्षी किती टक्के ते. मेट्रो येवो न येवो. आणि पुढच्या करारात भाडं काय मागणार ते तीन महिने आधी सांगायचं.

मामा : लिहितो. नोटीस दोन्ही बाजूंनी दोन महिने. घर विकायचं ठरलं तर मी पहिल्यांदा भाडेकरूला सांगणार, एजंट गिऱ्हाईक घेऊन दारात उभा राहायच्या आधी. पोलिसांतली माहिती मी देणार. दुरुस्तीची ती यादी जोडतो. किल्ली माझ्याकडे राहील, पण २४ तास आधी कळवल्याशिवाय वापरणार नाही.

भाची : आणि नोकरी गेली, दुखणं आलं, तर?

मामा : तर काय?

भाची : पहिल्या आठवड्यात कळवलं, तर दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करता येईल, आणि त्या काळात घर सोडायला सांगणार नाही. हे लिही.

मामा : ते लिहिणार नाही.

भाची : तिथेच तर सगळं अडतं, मामा.

मामा : अडू दे. लिहिलं की तो हक्क होतो, आणि नोकरी न जाताही कोणीतरी तो वापरतो. चाळीस वर्षं माणसं बघितली आहेत मी. तोंडी मी करीन. या वेळी करीन, शब्द देतो.

भाची : तुझा शब्द मला माहीत आहे. त्या नव्या माणसाला कसा कळणार? नोकरी गेलेल्या रात्री तो तुझा नंबर लावेल कशाच्या भरवशावर?

मामा : (बराच विचार करून) घर दाखवायला त्याला संध्याकाळी बोलावतो. नळ सोडून दाखवतो, पाणी नाही ते. गेल्या मेमध्ये टँकरला किती गेले त्याच्या पावत्या सोसायटीकडून मागून घेतो आणि समोर ठेवतो. त्यानंतरही घर घेतलंन, तर मी काय प्रकारचा माणूस आहे ते त्याला कळलेलं असेल.

भाची : आणि नाही घेतलंन तर?

मामा : तर एक महिना रिकामं राहील. पण पुढच्यालाही मी संध्याकाळीच बोलावणार.